टोव्सांचं कंटाळवाणं पुडकं

सणाच्या सकाळी टीनाने घरचं बायबलचं पुडकं फडक्यात बांधायला घेतलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की खुणेची फीत जागची हलली आहे. दरवर्षी ती रूथच्या दुसऱ्या अध्यायात असायची. शेतात राहिलेली कणसं वेचणारी परदेशी सून, भला शेतमालक, पदरात मापभर सातू; कापणीच्या सणाला याहून सोयीचा मजकूर कुठून आणायचा? तिचा नवरा कॉर्नेलियस एवर्ट इतकी वर्षं तेच वाचत आला होता आणि किरगिझस्तानातल्या या जर्मन गावाची, ग्र्यूनतालची, मंडळी इतकी वर्षं त्याच ओळीला डोळे पुसत आली होती. आज मात्र फीत बरीच अलीकडे होती, शास्त्यांच्या अकराव्या अध्यायात.

टीनाने पान उघडून पाहिलं, मिटलं आणि फडक्याची गाठ जरा जास्तच आवळली.

"आत्या, तो इफ्ताह वाचणार आहे."

आगाथाआत्या चुलीवर आलुबुखाराचं सार ढवळत होती. ती कॉर्नेलियसची आत्या. पंच्याऐंशी उलटली, तरी सार ढवळायचा डाव तिने अजून कुणाच्या हाती दिला नव्हता. घरात सगळेच तिला आत्या म्हणत, शेजारचे किरगिझही.

"वाचू दे," ती म्हणाली. "टोव्सांना घरी जेवायला बोलावून तोंडावर नाही म्हणायचं, तर धीर लागतो. पुस्तकातून म्हणायला चष्मा पुरतो."

नाही म्हणायचं होतं ते टीनाच्या मुलीच्या, फ्रीडाच्या, लग्नाला. घेवड्याची मळणी सुरू असताना आर्टुर टोव्सने शेतातच, अंगभर भुसा घेऊन, कॉर्नेलियसकडे फ्रीडाला मागितलं होतं. आर्टुर सीमेपलीकडे ताराझला जनावरांचा डॉक्टर. माणूस चांगला, घर माहितीतलं, फ्रीडाची पसंती उघड. कॉर्नेलियस एवढंच म्हणाला होता, "सणाच्या दिवशी सांगतो." आणि तेव्हापासून तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता, म्हणजे फार सभ्यपणे.

त्याचं नाही कशावरून, हे घरात प्रत्येकाला पाठ होतं. फ्रीडा पाळण्यात असताना सगळं गाव जर्मनीला निघालं होतं. एवर्टांच्याही पेट्या बांधून दारात होत्या. त्याच हिवाळ्यात पोरीला डांग्या खोकला झाला, बर्फाने रस्ता बंद, श्वास निळा पडत चाललेला. कॉर्नेलियस गोठ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि त्याने नवस केला: ही जगली तर तुझी. लग्न करणार नाही, कुठे जाणार नाही, तुझ्या प्रार्थनाघरात तुझीच सेवा करील. पोर जगली. पेट्या सोडल्या. भाऊबंद विमानात बसले आणि एवर्ट घेवडा पेरायला लागले. तेव्हापासून फ्रीडाला खोकला आला की आधी तिच्याकडे नाही, तिच्या बापाकडे बघायचं, ही घरची रीत झाली होती.

"तू त्याला काही बोलली नाहीस?" आत्याने विचारलं.

"तो मंडळीचा वडील, उपदेश करणारा. मी बोलले तर म्हणेल, टीना, हे देवाचं आणि माझं आहे."

"आणि ताप उतरवायला रात्रभर पाळण्याशी कोण बसलं होतं? देव आणि तो?"

टीना हसली नाही. तिने दुमजली पावांची टोपली उचलून मोजल्यासारखी हलवली. "आत्या, आज तुम्ही जेवताना शेंगा निवडत बसू नका. काही बोलायचं असलं तर बोला."

"मला परवानगी कधीपासून लागायला लागली?" म्हातारी म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं. या घरात इतकी वर्षं तिला फक्त गप्प बसवण्यात आलं होतं.

*

आमच्याकडे पुडकी कशी आली हे इथे पुन्हा उगाळत नाही. सोव्हिएत राजवटीच्या वाईट दिवसांत प्रार्थनाघराला टाळं लागायच्या आदल्या दिवशी तेव्हाच्या उपदेशकाने मोठं शास्त्र चांभाराच्या रापीने शिवणीशिवणीवर कापलं आणि घरटी एक पुडकं वाटलं. ज्याच्या नशिबी जे आलं ते. पण वाटणी ही एकदाच होते आणि तिचा हिशेब पिढ्या चुकवतात. नीतिसूत्रं ज्यांच्या घरी गेली ते आजही न विचारता सल्ला देतात. 'सारं व्यर्थ' म्हणणारं उपदेशकाचं पुस्तक मिळालेल्या फ्रीझनांना कधी कुणी लग्नात नाचताना पाहिलं नाही. प्रेमगीतांचं गीतरत्न आलं ते एका म्हाताऱ्या विधुराच्या वाट्याला, आणि त्यानंतर तो बिचारा वर्षभरात पुन्हा बोहल्यावर चढला.

एवर्टांना शास्ते आणि रूथ मिळालं. शास्ते म्हणजे रक्त, फसवणूक, खिळे आणि मुंडकी. पोरांना झोपताना वाचून दाखवावं असं त्यात काही नाही. पण घरात तेवढंच होतं, म्हणून तेच वाचलं. त्याचा एवर्टांना पुढे फार अभिमान झाला. बाकीचे गोडगोड निवडतात, आम्ही अवघड पानावरून उडी मारत नाही, असं कॉर्नेलियस व्यासपीठावरून नेहमी म्हणायचा.

आणि टोव्सांना लेवीय मिळालं. कुठल्या प्राण्याला खूर दुभंगलेला, भिंतीवरच्या बुरशीला याजकाने काय करावं, चरबी कुठली जाळावी. टोव्स घराण्याला त्यावरून जितकं चिडवलं गेलं तितकं खोऱ्यात गाढवालाही नसेल.

आता प्रत्येकाकडे अख्खं पुस्तक आहे, फोनमध्येसुद्धा. तरी कापणीच्या सणाला ज्याने त्याने आपलं पुडकं घेऊन यायचं, लांब टेबलावर क्रमाने मांडायचं आणि घरातल्या कर्त्याने त्यातला एक अध्याय वाचायचा, ही रीत आहे. तेवढ्या एका दिवसापुरतं शास्त्र पुन्हा एकसंध होतं. अगदी एकसंध नाही. स्तोत्रं जर्मनीला गेली, तिकडे काचेच्या कपाटात आहेत म्हणे. मार्कचं शुभवर्तमान पोलिसांनी नेलं ते नेलंच. त्या जागी टेबलावर गव्हाची पेंढी ठेवतात.

त्या सकाळी पेंढ्या नेहमीपेक्षा जास्त होत्या, असं फ्रीडाला बाजाच्या पेटीवर बसल्या बसल्या वाटलं. पुडक्यांना तिच्याइतकं जवळून कुणी ओळखत नव्हतं. दर उन्हाळ्यात सगळी पुडकी तिच्याकडे यायची. उसवलेली शिवण ती नव्याने घालायची, कोपऱ्यांना खळ लावायची. नवसातली सेवा ती हीच. आणखी प्रार्थनाघराची शेगडी पेटवणं, खिडक्या पुसणं, पेटी वाजवणं. तिला त्या कामाचा कंटाळा नव्हता. कंटाळा असता तर सोपं झालं असतं.

या उन्हाळ्यात टोव्सांचं पुडकं तिने शेवटचं घेतलं होतं. शेवटच्या पानाला दोरा ओढताना तिची नजर मजकुरावर गेली. मग तिने सुई खाली ठेवली. मग उठून दार लावलं आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुडकं परत करताना ती आर्टुरच्या आजोबांना, गेरहार्डकाकांना, म्हणाली होती, "काका, या सणाला शेवटचा अध्याय वाचाल?"

"लोक खोकतील."

"खोकू देत."

गेरहार्ड टोव्स उठले, वाकलेल्या पाठीने टेबलाशी गेले आणि वाचू लागले. कुणी कुणाला देवाला वाहण्याचा नवस केला, तर त्या माणसाचं मोल काय धरावं: पुरुष असला तर चांदीचे इतके शेकेल, बाई असली तर इतके, मूल असलं तर इतके. लोक खरंच खोकले. पोरांची नाकं पुसून झाली. पुढच्या बाकावर कॉर्नेलियस डोळे मिटून बसला होता. लोकांना वाटलं प्रार्थना, पण तो आपला अकरावा अध्याय मनात म्हणून बघत होता. त्याच्या कानांवर लेवीय पडत होतं आणि पागोळीसारखं बाहेर गळत होतं.

टीना मात्र ऐकत होती. बाईला तीस, पुरुषाला पन्नास, हे कानी पडताच तिने मान वर केली. दर ऐकू आला की तिचं लक्ष जातंच, मग तो बाजारातला असो की देवाचा.

मग एवर्टांची पाळी आली. कॉर्नेलियसने फीत काढली. मंडळीने रूमाल तयार ठेवले होते. पण रूथ आली नाही, इफ्ताह आला: लढाई जिंकली तर घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुला बळी, असा नवस करणारा सेनापती, आणि डफ वाजवत, नाचत बापाच्या स्वागताला बाहेर आलेली त्याची एकुलती एक मुलगी. 'मी परमेश्वरापुढे तोंड उघडलं आहे, मला माघार घेता येत नाही.' ही ओळ कॉर्नेलियसने पुस्तकात न बघता वाचली. आर्टुर टोव्स मागच्या बाकावर होता. त्याचे कान लाल झाले.

सणासाठी मांडलेल्या भोपळ्यांवरची धूळ असेल किंवा घेवड्याच्या पोत्यांची, फ्रीडाला खोकला आला. एकदाच, बारीक. कॉर्नेलियसची ओळ तुटली. तो वर बघत उभा राहिला, चेहरा पिठासारखा. कुणाला काही कळेना. मग त्याने बोट ठेवून पुढची ओळ शोधली आणि मुलगी डोंगरावर जाऊन रडली तिथपर्यंत घाईने वाचून टाकलं.

*

टोव्स जेवायला येणार नाहीत असं टीनाला वाटलं होतं. ते आले. आर्टुर दारातच उभा राहिला, पण गेरहार्डकाका सरळ आत येऊन शेगडीजवळच्या खुर्चीत बसले आणि काखेतलं पुडकं त्यांनी पावाच्या टोपलीशेजारी ठेवलं.

"छान वाचलंस, कोर्नी," ते म्हणाले. "पण मी तुला उत्तर आधीच दिलं होतं."

"कशाचं उत्तर, बंधू टोव्स?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कॉर्नेलियस लहानपणापासून त्यांना गेरहार्डकाका म्हणायचा. 'बंधू टोव्स' फक्त मंडळीच्या सभेत, तेही कुणाला काढून टाकायचं असलं की.

"लेवीय आधी येतं, शास्ते नंतर," म्हातारा म्हणाला. "क्रमच तसा आहे, मी काय करू? तू ऐकत नव्हतास. तुझा दोष नाही. आमचं कुणीच ऐकत नाही. तुम्ही रूथवर इतकी वर्षं रडता, पण शेताच्या कडेची कणसं तिच्यासाठी कुणी सोडायला लावली? आमच्या एकोणिसाव्या अध्यायाने. तुमची रूथ आमच्या पुडक्यातलं खाऊन जगली."

"हे तुम्ही दरवर्षी ऐकवता."

"दरवर्षी खरं असतं म्हणून."

आगाथाआत्याने खुर्ची पुढे ओढली. "गेरहार्ड, सार थंड होतंय. काय ते नीट सांग."

पण बोलली ती फ्रीडा. ती उभीच होती, हातात पळी. "बाबा, मी सांगितलं होतं त्यांना तो अध्याय वाचायला."

"तू?"

"शिवताना वाचला. देवाला वाहिलेलं माणूस मोल भरून सोडवता येतं, असं लिहिलंय. कोरून ठेवल्यासारखं स्पष्ट. इफ्ताहाला ते माहीत नव्हतं किंवा त्याने विचारलं नाही. आणि आपल्याकडे ते पुडकं नव्हतं."

"आपल्याकडे अख्खं पुस्तक आहे, फ्रीडा."

"आहे. पण रोज रात्री जेवणानंतर वाचताना निर्गम संपत आलं की तुम्ही काय म्हणता?"

उत्तर टीनाने दिलं, थेट त्याच्या आवाजात: "'हे सगळं ख्रिस्तात पूर्ण झालं आहे, गणनेपासून घेऊ, आणि मीठ इकडे सरकव.'"

आर्टुर दारातूनच हसला आणि मग हसल्याबद्दल त्याला लाज वाटली. अवघड पानावरून उडी न मारणाऱ्या एवर्टांनी मधल्या लेवीयाची कंटाळवाणी पानं मुठीमुठीने उलटली होती. रक्ताला ते भ्यायले नव्हते. याद्यांना भ्यायले होते.

"बरं," कॉर्नेलियस म्हणाला. त्याने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले, सभेत ठेवायचा तसे. "काय दर आहे? काढा."

"बाईला तीस," गेरहार्डकाका म्हणाले.

"म्हणजे माझी मुलगी तीस शेकेलांची? आणि हे तुम्हाला देवाचं वचन म्हणून मान्य आहे?"

"नाही," टीना पटकन म्हणाली. "मला तर मुळीच मान्य नाही. पुरुषाला पन्नास आणि बाईला तीस! ज्याने हे दर लावले त्याने एकदाही ओढ्यावरून पाणी आणलेलं नसणार."

"सेवेचे कष्ट धरले असतील," गेरहार्डकाका चाचरत म्हणाले. "ओझी उचलणं वगैरे. त्या काळी..."

"ओझी? काका, तुमची घेवड्याची पोती यंदा कुणी उचलली?"

"सुनांनी," म्हाताऱ्याने कबूल केलं.

"पण साठीनंतर बघा," टीना आता रंगात आली होती. "ऐकलंय मी सगळं. साठीनंतर बाई तिसावरून दहावर येते, आणि पुरुष पन्नासावरून पंधरावर. म्हणजे आमचा एक तृतीयांश हिस्सा तरी उरतो. तुमचा तोही उरत नाही. कॉर्नेलियस, तू आज पंधराचा आहेस, जरा हळू बोल."

आगाथाआत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कॉर्नेलियससुद्धा हसला असता, पण त्याला हसायला वेळ नव्हता. त्याच्या आत काहीतरी कोंडलेलं होतं आणि ते आता बाहेर आलं.

"तुम्ही चेष्टा करा. नियमशास्त्र संपलं, बकरे संपले, शेकेल संपले, हे मीच तुम्हाला शिकवतो. पण मी त्या रात्री गोठ्यात बोललो ते संपलेलं नाही. ती मला बोलीवर मिळाली आहे, टीना. बोलीवर! आपण दिलेलं परत मागायला गेलो आणि त्यानेही दिलेलं परत मागितलं, तर?"

इतक्या वर्षांत ही भीती या घरात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने आत आली होती. आतापर्यंत ती निष्ठा म्हणून वावरत होती आणि सगळे तिला वाट देत होते.

आगाथाआत्याने डोळे पुसले, पण आता हसण्याचे नव्हते. "कोर्नी, ते पुडकं घेवड्याच्या पोत्यात लपवलेलं असायचं. आई रात्री काढायची आणि वाचायची. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, येशूसुद्धा दुसऱ्याच्या घरी होता. अकरावा अध्याय आला की मी विचारायची, आई, देव काय म्हणाला मग? आई म्हणायची, शोध. मी शोधायची. लढाईत देव आहे. लढाईनंतर नाही. बाप बोलतो, पोर बोलते, तिच्या मैत्रिणी दरवर्षी रडतात. देव एक शब्द बोलत नाही. घे म्हणत नाही, आण म्हणत नाही, बरं केलंस म्हणत नाही. तू आज वाचलंस ना? तुला कुणाचा आवाज आला?"

कॉर्नेलियसने चष्मा काढला.

"इफ्ताहाचा आला," आत्याच म्हणाली. "मलाही तोच यायचा. मग मी आईला म्हटलं, हे असलं पान देवाच्या पुस्तकात ठेवलंच कशाला? ती म्हणाली, पुन्हा कुणी असं करायला निघालं, तर आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येऊ नये म्हणून. मला कुणी वाहिलं नव्हतं, कोर्नी. माझ्या वयाचे मुलगे युद्धात सक्तीने खाणीत नेले आणि ते आले नाहीत, म्हणून मी अशी राहिले. तेही मी बरं निभावलं. पण ते बक्षीस म्हणून माझ्या पोरीच्या गळ्यात घालू नकोस."

'माझ्या पोरीच्या' असं ती म्हणाली, आणि टीनाला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

फ्रीडाने पळी खाली ठेवली. "बाबा, मला पळून जायचं असतं तर ताराझ काही चंद्रावर नाही. पण मी अशी गेले तर तुम्ही रोज फोन करून विचाराल, खोकला आहे का. मला पळायचं नाही. सुटायचंय. आणि तुम्हीही सुटायला हवे."

कॉर्नेलियसने हात पुढे केला. सगळ्यांना वाटलं पाण्यासाठी. त्याने टोव्सांचं पुडकं उचललं.

त्याने चष्मा पुसला आणि शेवटचा अध्याय काढला. पहिल्यांदा त्याला दिसली ती शिवण: बारीक, सारख्या अंतराची, फ्रीडाची. मग तो वाचू लागला, मोठ्याने पण स्वतःसाठी, जसा मुलगा नवं अक्षर वाचतो. वीस ते साठ. पाच ते वीस. आणि मग: एक महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचं मूल, मुलगा असला तर इतके, मुलगी असली तर तीन.

तो तिथे थांबला. एक महिन्याची मुलगी कोण देवाला वाहतं? ती शेगडी पेटवत नाही, खिडक्या पुसत नाही. एक महिन्याची मुलगी वाहणारा माणूस एकच. त्याला कॉर्नेलियस चांगला ओळखत होता. बाहेर बर्फ आहे, आत पोर निळी पडली आहे, आणि तो अंधारात गुडघ्यांवर बसून काहीही कबूल करायला तयार आहे. आणि हे असं एकदाच झालेलं नव्हतं. असे बाप इतके झाले असणार, त्या वाळवंटातसुद्धा, की त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली. ज्याने ती लिहायला सांगितली त्याला माहीत होतं की घाबरलेला माणूस काय काय बोलेल. म्हणून त्याने आधीच दार करून ठेवलं होतं, आणि तेही इतक्या कंटाळवाण्या भिंतीत की एवर्टांना ते दिसू नये.

"तीन," कॉर्नेलियस म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "नवस केला तेव्हा ती पाळण्यात होती. तीन."

"पुढे वाच," गेरहार्डकाका हळू म्हणाले. "आठवं वचन."

"'पण ज्याची ऐपत त्या मोलाइतकी नसेल, त्याला याजकासमोर आणावं, आणि नवस करणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे याजकाने मोल ठरवावं.'"

"माझ्या आजीचं ते आवडतं वचन," म्हातारा म्हणाला. "दर लावला, आणि लगेच खाली लिहिलं, जमत नसेल तर बोलू. असं कुठल्या बाजारात असतं?"

"आपल्यात याजक नाही."

"आपल्यात सगळेच याजक आहेत," आगाथाआत्या म्हणाली. "हे तू दर पेन्टेकॉस्टच्या सणाला ओरडून सांगतोस. चला. टीना, तू ठरव. तुला दर कळतात."

टीनाने हात पुसले. तिला इतकी वर्षं कुणी काही ठरवायला दिलं नव्हतं, तरी तिचा निवाडा तयार होता. बहुधा बराच काळ तयार असावा. "शेगडी," ती म्हणाली. "हिवाळाभर प्रार्थनाघराची शेगडी तू पेटवायची, लोक यायच्या आधी. खिडक्या तू पुसायच्या. पेटी आर्टुरची बहीण शिकते आहे, ते असू दे. आणि पुडकी तू शिवायची."

"सुईने?"

"नाही, फावड्याने."

"आणि रात्रीच्या वाचनात लेवीय," आत्या म्हणाली, "पहिल्या अध्यायापासून. बुरशीसकट."

"बुरशीचा भाग खरं तर चांगला आहे," गेरहार्डकाका म्हणाले, आणि कुणीतरी एकदा तरी हे ऐकून घेतलं म्हणून त्यांचा चेहरा उजळला.

कॉर्नेलियस उठला. फ्रीडापुढे जाऊन उभा राहिला. त्याला काहीतरी गंभीर म्हणायचं होतं, वडिलाला शोभेल असं. त्याऐवजी त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप बघतात तसा. ताप नव्हता. मग तो हात त्याने तिथेच ठेवला आणि तो आशीर्वाद झाला.

"आर्टुर," तो मागे न वळता म्हणाला, "दारात उभा राहून थंडी आत सोडू नकोस. बस."

*

आमच्याकडे सार वाढायच्या आधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल आभार मानायचे असतात; त्याशिवाय वाटीला हात लावायचा नाही. आर्टुरने एक नाव घेतलं आणि तो खाली बघू लागला. गेरहार्डकाकांनी भोपळ्यांबद्दल आभार मानले, कारण भोपळे यंदा खरोखरच मोठे होते. टीनाने पेट्यांबद्दल मानले, ज्या त्या हिवाळ्यात सोडल्या गेल्या. आपण इथे राहिलो याचा आजवर कुणी आनंद केला नाही, तो आज करून टाकू, असं ती म्हणाली. आगाथाआत्याने घेवड्याच्या पोत्याचे आभार मानले.

फ्रीडा म्हणाली, "ज्यांनी आपापलं पुडकं सांभाळलं, त्या सगळ्यांचे. फाटकं आलं त्यांचेही."

मग सगळे कॉर्नेलियसकडे बघू लागले. तो नेहमी शेवटी आणि लांबलचक बोलायचा. सार त्यामुळेच थंड व्हायचं.

"टोव्सांच्या कंटाळवाण्या पानांबद्दल," तो म्हणाला. "आमेन."

जेवणानंतर त्याने स्वतःच फ्रीडाची शिवणाची पेटी मागून घेतली. शास्त्यांच्या पुडक्याची कड आजच्या बांधाबांधीत उसवली होती. खिडकीशी उजेडात बसून तो दोरा ओवू लागला. कुदळीच्या दांड्याची सवय असलेली बोटं, त्यात ती एवढीशी सुई. दोरा एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून.

"द्या बाबा, मी ओवून देते."

"बस तू. मोल माझं ठरलंय."

टीना ताटं गोळा करत होती. आत्या खुर्चीतच पेंगायला लागली होती. भोपळ्याच्या बिया सोलता सोलता फ्रीडाच्या घशात साल अडकली आणि ती खोकली. मग पुन्हा खोकली, चांगली जोरात.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी कॉर्नेलियसकडे पाहिलं.

त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला आणि नेढ्याकडे बघत तो म्हणाला, "आर्टुर, पाणी दे तिला."